शनिवारचा श्रोता

एका पाळकसाहेबांच्या निरोपसमारंभात ऐकलेले एक वाक्य माझ्या मनातून जाईना, आणि त्याच वाक्याने मला पुढे शेवगाव-पाथर्डीच्या रस्त्याला लावले. हार घालून झाले होते, मानपत्राचे वाचन झाले होते, मंडळीतील वडीलधाऱ्यांची भाषणेही यथास्थित पार पडली होती. उत्तरादाखल उभे राहिलेले ते वृद्ध गृहस्थ आभाराचे चार शब्द संपवून जरा थांबले आणि म्हणाले, "वर्षाचे ५२ रविवार, आणि अशी ३४ वर्षे मी बोललो. तुम्ही ऐकलेत, हे तुमचे उपकार. पण उद्या तुम्ही काय सांगणार आहात ते आज मला सांगा, मी ऐकतो, असे म्हणणारा माणूस या सबंध सेवेत मला भेटला नाही."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. हिशेब मिटवून वही बंद करणाऱ्या माणसाचा तो स्वर होता, आणि म्हणूनच तो मला लागला. घरी आल्यावर मी गुणाकार करून पाहिला. ५२ रविवार गुणिले ३४ वर्षे म्हणजे १,७६८ उपदेश झाले. त्यांत उत्तम शुक्रवार, नाताळ, लग्ने आणि कबरेच्या काठावर बोललेले शब्द धरलेले नाहीत. ज्यांच्या बाकांवर बसून मी वर्षानुवर्षे उपदेश ऐकत आलो, त्या पाळकांच्या शनिवारचा विचार मला तोवर कधी सुचला नव्हता.

निवृत्त होऊन नगरात राहिलेले हे गृहस्थ दर शनिवारी सकाळच्या एसटीने एखाद्या खेड्यात जातात, तेथील तरुण पाळकापुढे बसतात आणि त्याचा दुसऱ्या दिवशीचा उपदेश ऐकून संध्याकाळच्या गाडीने परततात, असे पुढे कळले, तेव्हा बरोबर येण्याची परवानगी मी मागितली. गावाचे आणि त्या तरुणाचे नाव कोठेही येऊ नये, या अटीवर ती त्यांनी दिली. अट रास्तच होती, आणि त्यांचे स्वतःचे नावही मी येथे देत नाही. त्या बाजूची लहानथोर माणसे त्यांना अण्णा म्हणतात. मीही तेच म्हणेन.

नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे केले, १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला, १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक याच नगर-राहुरीच्या परिसरात राहिले, आणि त्यांची गायने आजही या खेड्यांतल्या उपासनांतून पेटी-तबल्यावर म्हटली जातात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा हा वारसा तिच्याकडे आला. वारसा थोर खरा; परंतु तो वाहून नेणाऱ्या खेड्यातील एकट्या पाळकाचा आठवडा कसा जातो, हे ज्याने पाहिले नाही त्याने या थोरवीबद्दल फार बोलू नये, असे मला आता वाटते.

उपासना, प्रार्थनासभा, आजाऱ्यांची भेट, शब्बाथ शाळा ही कामे तर त्याची असतातच. त्यांखेरीज १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नांची नोंद ठेवावयाची, बाप्तिस्म्याचे दाखले द्यावयाचे, मिशनच्या काळच्या जमिनीचे उतारे आणि फेरफार सांभाळावयाचे, दफनभूमीच्या हद्दीवरून कज्जा उभा राहिला की तलाठ्याच्या दप्तरापासून मोजणीच्या कचेरीपर्यंत आणि तेथून वकिलाच्या ओसरीपर्यंत खेटे घालावयाचे, आणि हे सारे करून शनिवारी रात्री दिव्याखाली पवित्र शास्त्र उघडून बसावयाचे, असा तो क्रम आहे. "पाळक तारखांत संपतो," असे अण्णा गाडीत म्हणाले. तारखा म्हणजे कोर्टाच्या तारखा.

या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळी उलटली की कितीएक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपवून परत येईतो पाडव्याचे दिवस येतात. तोपर्यंत सतरंजीवर म्हातारी माणसे उरतात आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे. ज्याला मंडळी वाढविण्याची आकांक्षा आहे अशा पंचविशीतल्या तरुणाने दरसाल डोळ्यांदेखत ती रिकामी होताना पाहावी, आणि वार्षिक अहवालात उपस्थितीचा रकाना मात्र त्यानेच भरावा, यातील क्लेश बाहेरच्यास सहसा दिसत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाळकांच्या दोन खोल्यांच्या घरापुढे मोटारसायकल नुकतीच येऊन थांबली होती. "जय ख्रिस्त, अण्णा," म्हणत तो तरुण पुढे आला. अण्णांनी त्याला उपदेशाचे काही विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "जेवलास का?"

"हो, झालंय," तो म्हणाला.

"कुठलं जेवण, अण्णा," आतून त्याची पत्नी म्हणाली, "सकाळपासून कचेरीत होते. चहावर आहेत."

अण्णांनी वहाणा काढल्या आणि ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसले. "वाढ ग सूनबाई. आम्हालाही वाढ." बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा असे जेवण झाले, जेवताना पाऊसपाणी, धाकट्या मुलाचा ताप आणि गळणारा पत्रा यांविषयी बोलणे झाले, आणि शास्त्राचा एक शब्दही निघाला नाही. मला वेळेची चिंता वाटू लागली होती, कारण परतीची गाडी ठरलेली होती. अण्णांना ती अजिबात वाटत नव्हती.

मग आम्ही उपासनामंदिरात गेलो. दगडी भिंती, वर पत्रा, आत आठवडाभर कोंडलेल्या हवेचा, मेणाचा आणि जुन्या सतरंज्यांचा मिळून एक वास. अण्णा अगदी मागे, दाराजवळ भिंतीला टेकून बसले. त्यांची रीत ठरलेली आहे. आधी शास्त्रपाठ दोनदा मोठ्याने वाचावयाचा, मग उद्या जसा सांगावयाचा तसा सबंध उपदेश उभे राहून सांगावयाचा. शब्द मागे पोहोचला नाही तर अण्णा हात वर करतात. त्याखेरीज मध्ये बोलत नाहीत.

त्या शनिवारचा पाठ १ राजे, अध्याय १९ हा होता. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांना जिंकून आलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने हादरतो, रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, ती कथा. तरुणाने वहीत तीन मुद्दे काढले होते, ओळींखाली तांबड्या शाईने रेघा मारल्या होत्या. त्याचा आवाज चांगला होता; परंतु वाचन संपून उपदेश सुरू होताच तो बदलला, ताणला गेला, कोणा प्रसिद्ध वक्त्याचा असावा तसा झाला. एवढा मोठा चमत्कार पाहूनही एलीया खचला, कारण त्याची दृष्टी देवावरून ढळली. जो खचतो त्याचा विश्वास उणा असतो. म्हणून उठा, कंबर बांधा, असा त्याच्या प्रतिपादनाचा ओघ होता. अण्णांचा हात एकदाही वर झाला नाही. शब्द मागेपर्यंत स्पष्ट पोहोचत होते.

उपदेश संपला. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "देवदूत आला. आधी काय म्हणाला?"

"उठून खायला सांगितलं."

"मग?"

"त्यानं खाल्लं, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला."

"मग?"

"देवदूत दुसऱ्यांदा आला. पुन्हा खायलाच सांगितलं. वाट लांबची आहे म्हणाला."

"तुझा विश्वास उणा आहे, असं कितव्या खेपेला म्हणाला?"

तरुणाने शास्त्र पुन्हा उघडले. तो ओळीवर बोट ठेवून वाचू लागला, पान उलटून परत मागे आला. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. "तसं कुठं म्हटलेलं नाही, अण्णा," अखेर तो म्हणाला.

"मग तू का म्हणतोस?"

तो व्यासपीठाच्या पायरीवर खाली बसला. वही त्याने मिटली होती. "ते मी मलाच म्हणत होतो," तो म्हणाला, आणि त्या वेळी त्याचा आवाज जेवताना होता तसा, त्याचा स्वतःचा होता.

त्यानंतर तासभर तो जे बोलला ते त्याचे आहे. मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. दारातून मला इतकेच दिसत होते की अण्णा पुढे सरकून त्याच्या शेजारी पायरीवर बसले आहेत आणि मुळीच बोलत नाहीत. ज्याने ३४ वर्षे, दर वर्षी ५२ रविवार बोलण्याचे काम केले, त्याला इतके गप्प राहता येते, याचे मला त्या वेळी मोठे आश्चर्य वाटले, आणि अजूनही त्या दिवसाची आठवण निघाली की आधी ती पायरी डोळ्यांपुढे येते.

निघताना अण्णांनी पिशवीतून एक जुने पुस्तक काढून त्याच्या हाती दिले. लंडनचा विख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन याने आपल्या पाळकशाळेतील विद्यार्थ्यांपुढे शुक्रवारी दुपारी दिलेल्या व्याख्यानांचा तो संग्रह होता. हजारोंच्या समुदायापुढे बोलणाऱ्या या माणसाने त्यांतले एक सबंध व्याख्यान पाळकांच्या खचून जाण्यावरच दिले आहे, आणि ते ऐकीव माहितीवर दिलेले नाही. ऑक्टोबर १८५६ मध्ये, स्पर्जन अवघा बावीस वर्षांचा असताना, त्याच्या सभेत कोणी आगीची खोटी ओरड केली. चेंगराचेंगरीत ७ माणसे मेली. त्या धक्क्याने तो काही काळ अंथरुणाला खिळला, आणि विषण्णतेचे झटके त्याला जन्मभर येत राहिले. "हे वाच," अण्णा म्हणाले, "आणि मग एलीयाला रागे भर." पौलानेही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हिवाळ्यापूर्वी निघून ये, येताना त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन ये, असे कळविले आहे. तुरुंगातील त्या वृद्ध प्रेषितालाही ऊब आणि सोबत हवी होती, आणि ती मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

पाळकांना उत्तेजन देण्यासाठी आपल्याकडे शिबिरे भरतात, परिषदा होतात. थंड हवेच्या ठिकाणी दूरदूरचे वक्ते येतात, ध्वनिक्षेपकावरून आवेशपूर्ण भाषणे होतात, आणि पाळक भारावून घरी परततात. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. एकाकी माणसाला चार समव्यवसायी भेटणे हेही थोडे नाही. परंतु तेथेही पाळकाने ऐकावयाचेच असते. जो वर्षभर इतरांना धीराचे शब्द सांगतो, त्याला आणखी धीराचे शब्द ऐकविल्याने त्याचा भार उतरेल, ही समजूत मला त्या दिवसानंतर मान्य करता येत नाही. त्याला ऐकणारा पाहिजे; तोही असा पाहिजे की ज्याच्या हाती त्याची बदली नाही, ज्याला त्याचा अहवाल लिहावयाचा नाही, आणि ज्याने स्वतः शनिवारच्या रात्री कोऱ्या वहीपुढे काढल्या आहेत.

अण्णा संध्याकाळच्या गाडीने गेले. रविवारी ते कधीच थांबत नाहीत. "रविवार त्याचा आहे," असे ते म्हणतात. मी मात्र थांबलो. गायने झाली, पापांगीकार, शास्त्रपाठ, अर्पण सारे क्रमाने झाले. उपदेश आदल्या दिवसाच्या निम्माही नव्हता, तीन मुद्दे नव्हते आणि वही उघडली गेली नाही. निखाऱ्यावरच्या भाकरीविषयी आणि पाण्याच्या भांड्याविषयीच तो बोलला, आणि बोलताना समोरच्या एकेका म्हाताऱ्या माणसाकडे पाहत होता. उपासना सुटल्यावर पुष्कळांनी हस्तांदोलन करून "संदेश छान झाला" म्हटले. एक आजी, जिची दोन्ही मुले कारखान्यावर गेली होती, त्याचा हात धरून म्हणाली, "पाळकसाहेब, तो माणूस जेवून परत झोपला, तरी देवदूत रागावला नाही. ते मला फार बरं वाटलं." तरुणाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले. "छान झाला" या शब्दांनी ते उमटले नव्हते.

म्हणून मंडळ्यांच्या वडीलमंडळांस आणि पास्टरेट कमिट्यांस माझी विनंती आहे. कोर्टकचेरीच्या खेपा मंडळीतील एखाद्या जाणत्या गृहस्थाकडे सोपवा. पाळकाने दप्तरे वाहू नयेत. उपदेशातला कोणता शब्द तुम्हास लागला तो त्यास नेमका सांगा. आणि तुमच्या तालुक्याच्या गावी अण्णांसारखे कोणी निवृत्त पाळक असतील, तर शनिवारी आमच्या पाळकाकडे येत जा, असे त्यांस लेखी कळवा. त्यांच्या एसटीच्या भाड्याची तरतूद पुढील वार्षिक सभेत एका ठरावाने होऊ शकते. अण्णा ते भाडे आजवर आपल्या पदरचे भरीत आले आहेत.