मास्क पाहून पेशंटला घरी नेऊ नका

मुकुंदवाडीच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येतं, "मशीनवर टाकलं, म्हणजे आता काही राहिलं नाही." मग नातेवाईक सही करतात आणि पेशंटला घरी आणतात. कोरोनात ही भीती आणखी घट्ट झाली. नाकातोंडावर मास्क दिसला की घरात रडारड सुरू होते. पण तो मास्क अनेकदा पेशंटला व्हेंटिलेटरपासून वाचवण्यासाठीच लावलेला असतो. त्या मशीनचं नाव सीपॅप.

सीपॅप म्हणजे काय?

व्हेंटिलेटरसाठी बहुतेक वेळा घशातून श्वासनळीत नळी घालतात आणि मशीन श्वास देतं. सीपॅपमध्ये पेशंट स्वतःच श्वास घेत असतो. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून ठरावीक दाबाची हवा सतत सोडली जाते, एवढंच. कोरा फुगा फुगवायला जोर लागतो, थोडा फुगलेला असेल तर सोपं जातं. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांचंही तसंच आहे. श्वास सोडल्यावर त्या मिटू नयेत म्हणून हा दाब असतो. त्यामुळे दम कमी लागतो आणि रक्तात ऑक्सिजन नीट जातो.

कमी दिवसांचं बाळ

या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बाळाच्या फुप्फुसात तयार होतो. तो पुरेसा व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेलं बाळ श्वासासाठी झगडतं. ते कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, ओठ निळे पडतात.

1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचं बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मलं आणि याच त्रासानं दोन दिवसांत गेलं. सत्ता होती, पैसा होता, पण उपचारच नव्हता. 1971 मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी अशा 20 बाळांना सीपॅप दिलं, त्यातली 16 वाचली. जे राष्ट्राध्यक्षांच्या बाळाला मिळालं नाही, ते आज आपल्या वस्तीतल्या मजुराच्या बाळाला सरकारी दवाखान्यात मिळू शकतं. ते अर्ध्यावर सोडून येऊ नका.

बाळाच्या नाकात दोन छोट्या नळ्या बसवतात. हवेच्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेलं असतं, तेवढाच दाब बाळाला मिळतो. बाटलीतले बुडबुडे पाहून घाबरू नका. ते येत आहेत म्हणजे दाब मिळतो आहे. बुडबुडे थांबले तर लगेच सिस्टरला सांगा. नाकाला जखम होणं, पोट फुगणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. क्वचित फुप्फुसातून हवा बाहेर फुटते. काही बाळांना पुढे व्हेंटिलेटरही लागतो.

34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे 30 दिवसांच्या आत तपासून घ्या. फार लवकर जन्मलेल्या बाळाची तपासणी त्याहीआधी लागते. डोळ्याचा पडदा बिघडला आणि उशीर झाला, तर नजर जाते. तसंच दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर घरी थांबू नका. वेळेत पोहोचलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देता येतात.

घोरणं म्हणजे गाढ झोप नाही

गायक बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं नाव घेतलं होतं. या आजारात घसा झोपेत मिटतो, श्वास काही सेकंद थांबतो आणि माणूस गुदमरून दचकतो. सकाळी डोकं दुखतं, दिवसा डोळा लागतो, बीपी औषधानंही आटोक्यात येत नाही. 1981 मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी यावर सीपॅप वापरून दाखवलं. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो.

आपल्याकडे रिक्षा-टेम्पो चालवणारे आणि एमआयडीसीत रात्रपाळी करणारे बांधव पुष्कळ आहेत. स्टिअरिंगवर डुलकी लागणं जिवावर बेतू शकतं. रात्री कोणी छातीवर बसतं म्हणून अंगारा-धुपारा करू नका. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या समाजानं कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जावं आणि ते सांगतील तर झोपेची तपासणी करावी.

हृदय आणि दमा

हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलं की पेशंटला आडवं होता येत नाही. अशा वेळी औषधांसोबत सीपॅप मोठा आधार देतं. चुलीचा धूर किंवा विडीमुळे जुनाट दमा झालेल्यांना बहुधा बायपॅप लागतं. त्यात श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो. पण बेशुद्ध, सतत उलट्या होणाऱ्या किंवा चेहऱ्याला मोठी इजा झालेल्या पेशंटला मास्क चालत नाही.

आपला हक्क

चिकलठाण्याची मिनी घाटी सार्वजनिक आरोग्य विभागाची आहे. या विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. इतरांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटावं. महात्मा फुले योजनेत हा उपचार बसतो का, ते विचारावं. दम वाढला तर 108 ला फोन करा.

सही करण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. हे सीपॅप आहे की व्हेंटिलेटर? कशासाठी लावलं? कालपेक्षा आज फरक आहे का? काढून घरी नेलं तर काय होईल? समजलं नाही तर पुन्हा विचारा, त्यात लाज नाही.

आजारी भिक्खूची सेवा भगवान बुद्धांनी स्वतः केली होती. वस्तीत कुणाचं बाळ काचेच्या पेटीत असेल, तर त्या आईचा डबा पोहोचवा, रात्री सोबतीला थांबा. पुष्कळदा माणसं एकटी पडतात म्हणूनच सही करतात. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान वाचून दाखवा.

जयभीम!