रत्नागिरीहून ‘ओरिएंट’ कुठे दिसतो?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला कमावता माणूस आखातात असतो. दुबई, कुवेत, कतार, मस्कत ही नावं इथे चिपळूण-राजापूरइतकी सवयीची झाली आहेत. हे सगळं अरबी समुद्राच्या पलीकडे, म्हणजे रत्नागिरीच्या पश्चिमेला. पण तिकडे युद्ध पेटलं की आपल्याकडे मथळा येतो ‘मध्यपूर्वेत तणाव’. मुलगा गेलेला असतो पश्चिमेला आणि आई काळजी करते ती पूर्वेच्या नावाने.

‘मिडल ईस्ट’ हा शब्द रूढ केला अमेरिकी नौदलातल्या आल्फ्रेड मॅहन या अधिकाऱ्याने, १९०२ साली, इराणच्या आखाताविषयी लिहिताना. लंडनहून पाहिलं तर त्यात चूक काहीच नव्हती. आपलं परराष्ट्र मंत्रालय याच भागाला ‘पश्चिम आशिया’ म्हणतं आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून तरी तेच नाव खरं आहे.

या घोटाळ्याच्या मुळाशी एक जुना शब्द आहे, ओरिएंट. लॅटिनमध्ये ‘ओरिरी’ म्हणजे उगवणं, ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवता सूर्य आणि तो उगवतो ती दिशा. मावळतीला ‘ऑक्सिडेन्स’. ग्रीकांनी आपल्या उगवतीकडच्या भूमीला ‘अनातोलिया’ म्हटलं, फ्रेंचांनी भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाला ‘लव्हांट’. या दोन्ही नावांतही उगवणंच आहे. अरबांनी मोरोक्कोकडच्या मुलखाला ‘मगरिब’, मावळतीचा देश, असं नाव दिलं. इंग्रजीतला ‘ईस्ट’ तर आपल्या घरातलाच निघतो. तो आणि संस्कृतातली उषा एकाच मुळातून आलेले आहेत.

रोमन माणसाला ‘ओरिएन्स’ म्हणजे सिरिया, इजिप्तकडचा भाग. पुढे युरोपची गलबतं जसजशी लांब गेली तसतसा हा शब्दही सरकत गेला आणि तुर्कस्तानपासून जपानपर्यंतचं सगळं त्यात मावू लागलं. इराणच्या आखातातल्या पाणीदार मोत्यांना इंग्रजीत ‘ओरिएंट पर्ल’ म्हणत. मोत्याच्या झळाळीलाच जव्हेरी आजही ‘ओरिएंट’ म्हणतात. कोकणातून पाहिलं तर ते मोती पश्चिमेचे. मंडालेहून आणलेला थिबा राजा रत्नागिरीत तीस वर्षं नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली इथेच गेला. त्याचा ब्रह्मदेश मात्र आपल्याही खऱ्या पूर्वेला. युरोपच्या हिशेबात आखात, रत्नागिरी आणि मंडाले हे सगळं एकाच ‘ओरिएंट’मध्ये पडत होतं.

शब्दाचा दुसरा प्रवास वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडतो. चर्चची वेदी पूर्वेला ठेवण्याची रीत होती. मध्ययुगीन युरोपच्या जगाच्या नकाशांतही पूर्व वरच्या बाजूला असे. त्यामुळे ‘ओरिएंट करणं’ म्हणजे पूर्वेला तोंड करून मांडणं. मग नुसतंच दिशेला लावून घेणं. कालांतराने पूर्व गळून गेली आणि दिशा तेवढी उरली. आज कॉलेजात ओरिएंटेशन असतं, मोबाइलच्या पडद्याचं आडवं-उभं ओरिएंटेशन असतं. लैंगिकतेबद्दल बोलताना मराठीने त्यासाठी ‘कल’ हा शब्द निवडला, तो फार चांगला आहे.

आपल्याकडे दिशांची नावं माणसाच्या अंगावरून पडली. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की पूर्व म्हणजे समोर, पश्चिम म्हणजे मागे, दक्षिण म्हणजे उजवीकडे. रत्नागिरीत असं उभं राहिलात तर समोर सह्याद्री येतो आणि पाठीशी समुद्र. खरेदीखतातली चतुःसीमा बहुधा ‘पूर्वेस’ या शब्दानेच सुरू होते, तीही याच सवयीने. प्रदक्षिणेतही हाच उजवा हात आहे. गणपतीपुळ्याला अख्ख्या डोंगरालाच प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. तिथला गणपती मात्र बहुतेक देवळांची रीत सोडून पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून आहे आणि म्हणून त्याला पश्चिमद्वारदेवता म्हणतात. जिल्ह्यातल्या मशिदींतही नमाज पढणाऱ्याचं तोंड पश्चिमेकडेच, कारण मक्का तिकडे आहे.

दिशेचं नाव ठेवणारा कुठे उभा होता, हे त्या नावातच कळतं. ‘दख्खन’ हे दक्षिणेचंच प्राकृत वळण. इंग्रजांनी त्याचं ‘डेक्कन’ केलं. पण कोकणी माणसाला दख्खन दक्षिणेला नसतोच. घाट चढून तो उगवतीकडे जातो तेव्हा दख्खनला पोचतो. हे नाव उत्तरेत बसलेल्यांनी दिलेलं आहे. इथल्या माणसाने आपला शब्द वेगळाच ठेवला, ‘घाटावर’.

‘ओरिएंटल’ या शब्दाचं ओझं पेलून त्यातून भक्कम काम उभं करणारी माणसंही याच किनाऱ्याची. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले, तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. पुढे ते रत्नागिरीच्या शाळेत शिकले. १८८६ साली ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. त्यांच्या नावाची संस्था पुण्यात १९१७ साली निघाली, तिच्या इंग्रजी नावात ‘ओरिएंटल’ आहे. पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास याच संस्थेने १९३० ते १९६२ या काळात छापला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आपल्याच ग्रंथांचा अभ्यास ‘पूर्वेकडची विद्या’ या नावाखाली करावा लागला, तरी त्यांच्या विवेचनात परकेपणा कुठेही नाही.

१९७३ साली पॅरिसच्या परिषदेत खुद्द प्राच्यविद्यावाल्यांनीच ते बिरुद टाकायचं ठरवलं. ऑक्सफर्डने २०२२ साली आपल्या विद्याशाखेच्या नावातून ‘ओरिएंटल’ काढलं. आपल्या ‘प्राच्य’ शब्दाने मात्र ‘ओरिएंटल’चा अर्थ अंगावर घेतला तो कायमचा. मुळात प्राच्य म्हणजे मगधाकडचे लोक, गंगेच्या खालच्या अंगाचे. ग्रीकांनी त्यांनाच ‘प्रासिओई’ म्हटलं. त्या जुन्या अर्थाने कोकणातला माणूस कधीच प्राच्य नव्हता. संस्कृत ग्रंथांत त्याच्या किनाऱ्याला अपरान्त म्हणत, आणि अपरान्त म्हणजे पश्चिमेची कड.