दोन दारांचा तंबू : कोरियात आपले जवान

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. तिथले साहेब कोरियाचे, म्हणजे दक्षिण कोरियाचे. उत्तरेकडचा माणूस आपल्याला इथे दिसत नाही. तो दक्षिणेतल्या सख्ख्या भावालाही भेटू शकत नाही. भाषा एक, आडनावे तीच, मग देश दोन का?

कोरियावर 1910 पासून 35 वर्षे जपानचे राज्य होते. 1945 साली जपान हरला आणि रशिया-अमेरिकेने 38 व्या अक्षांशावर रेघ ओढून देश वाटून घेतला. कोरियन माणसाला कुणी विचारले नाही. 25 जून 1950 रोजी उत्तरेच्या फौजा रेघ ओलांडून आल्या. पुढे अमेरिका उतरली, चीन उतरला, लाखो माणसे मेली. 27 जुलै 1953 रोजी तोफा थांबल्या. शांततेचा तह मात्र आजवर झालेला नाही.

यात आपला संबंध कुठे येतो, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. दक्षिणेच्या बाजूला पकडलेले साडेबावीस हजारांवर कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यात चिनी जास्त, सुमारे 7,900 उत्तर कोरियाचे. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. या फौजेत महार रेजिमेंटची मशीनगन कंपनीही होती. बाबासाहेबांनी मागणी लावून धरली म्हणून 1941 साली बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट. (1953 पर्यंत तीत इतर समाजांचेही जवान आले होते, हेही सांगितले पाहिजे.) दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा राग एवढा, की भारतीय जवानाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये! मग जवानांना हेलिकॉप्टरने उचलून थेट सीमेवरच्या छावणीत उतरवले.

तिथे एकेका कैद्याला तंबूत आणीत. त्याच्या देशाचे अधिकारी समजावीत, की घरी चल. मग समोर दोन दारे. एकातून गेला तर घर. दुसऱ्यातून गेला तर घर सुटले. कुणी शिव्या देई, कुणी खुर्ची फेकी. छावणीत कैद्यांच्याच म्होरक्यांची दहशत होती, घरी जातो म्हणणाऱ्यांचे खूनही पडले. तेव्हा ही निवड कितपत मोकळ्या मनाची होती, याची आम्हाला शंका आहे. परत गेले ते सहाशेच्या आसपास. 88 जणांनी दोन्ही दारे नाकारली. ते 1954 साली आपल्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आले. पुढे बरेच जण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

रेघेमुळे तुटलेली घरे मात्र तुटलेलीच राहिली. दक्षिणेत 1 लाख 30 हजारांवर लोकांनी पलीकडच्या नातलगांना भेटण्यासाठी नावे नोंदवली होती. त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. ऑगस्ट 2018 मध्ये थोड्या कुटुंबांची भेट घडवली गेली. 92 वर्षांची एक आई 71 वर्षांच्या मुलाला भेटली. युद्धाच्या पळापळीत हात सुटला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यानंतर अशा भेटी झालेल्या नाहीत.