हप्ता तोच ठेवा, वर्षे कापा

रेपो दर 5.25 टक्क्यांवर आल्याची बातमी आता शिळी झाली. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि 5 डिसेंबर अशा चार टप्प्यांत 2025 या वर्षात दर सव्वा टक्का उतरला. हप्ता किती कमी होणार हे सांगणारे तक्ते विरारच्या ग्लोबल सिटीपासून नायगावच्या नव्या संकुलांपर्यंत मोबाइलवर फिरून झाले. या सगळ्या तक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हप्ता उतरला की कर्जदार सुटला. मला ते अजिबात मान्य नाही. माझ्या मते या सव्वा टक्क्यातला एक रुपयाही घरात येता कामा नये.

हिशेब मांडून बघू. समजा, 25 लाखांचे गृहकर्ज शिल्लक आहे, 20 वर्षे राहिली आहेत आणि दर 8.75 टक्क्यांवरून 7.50 वर आला. आधी हप्ता होता 22,093 रुपये, तो 20,140 होऊ शकतो. महिन्याला 1,953 रुपये सुटतात, आणि दोन-तीन महिन्यांत ते कुठे जिरले हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. आता हप्ता तोच, 22,093 ठेवला तर? घरखर्चाची घडी जराही विस्कटत नाही, कारण तेवढे पैसे आजही जातच आहेत. कर्ज मात्र 20 वर्षांऐवजी साधारण साडेसोळा वर्षांत फिटते आणि व्याजाचे पावणेपाच लाख वाचतात. त्याच हप्त्यात कुठून तरी आणखी 3,000 रुपयांची भर घातली, तर मुदत 13 वर्षांवर येते आणि वाचलेले व्याज नऊ लाखांच्या घरात जाते. ते तीन हजार कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न.

ज्यांनी 2020-21 मध्ये कर्ज काढले त्यांना याची उलटी बाजू सोसावी लागली आहे. मे 2020 मध्ये रेपो 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 झाला. त्या काळात 7 टक्क्यांनी घेतलेल्या 25 लाखांचा हप्ता 19,382 रुपये होता. दोन वर्षे नेमाने भरल्यावर मुद्दल उरते सुमारे 23 लाख 77 हजार. तिथे दर एकदम 9.50 धरला, तर एका महिन्याचे व्याजच 18,816 रुपये होते. मुद्दलात पडतात 566 रुपये. हप्ता न वाढवता हे कर्ज फेडायला आणखी 37 वर्षे लागतील! प्रत्यक्षात दर टप्प्याटप्प्याने चढला, पण दिशा हीच होती, आणि मुदत लांबल्याचे अनेकांना खातेउतारा हाती पडल्यावर कळले. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये परिपत्रक काढले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. दर वाढताना ज्यांची वर्षे वाढली, त्यांनी आता दर उतरताना तीच वर्षे परत मागावीत. काही बँका आपणहून हप्ता कमी करतात, काही मुदत. आपल्या खात्यावर काय केले आहे ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तरत्या दराच्या गृहकर्जात व्यक्तीला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे पाच हजार जास्त भरले तरी कुणी अडवू शकत नाही.

वसई-विरारच्या बाबतीत मात्र यात एक मोठी मेख आहे. कर्जाचा दर बाहेरच्या निर्देशांकाला बांधण्याची सक्ती ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. ज्यांच्या पगाराची पावती कच्ची किंवा ज्यांच्या इमारतीची कागदपत्रे अर्धवट, त्यांना बँक दारात उभे करत नाही. ते फायनान्स कंपनीकडे जातात, नाही तर नातेवाईक आणि सोने यांवर भागवतात. रेपो उतरला तरी त्यांचा हप्ता तसूभर हलेल याची खात्री नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. घर जमीनदोस्त झाले म्हणून घरासाठी केलेली उसनवारी माफ होत नाही. या माणसांना काटकसरीचे सल्ले देण्याची माझी हिंमत नाही.

बाकीच्यांनी आधी एक क्रम लावून घ्यावा. गृहकर्जात जादा पैसे भरण्याआधी क्रेडिट कार्ड संपवा. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे 42 टक्के. कार्डावर 60,000 थकले असतील तर महिन्याचे व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378. 'किमान देय' म्हणून 3,000 भरले की मुद्दलातून जेमतेम 522 रुपये उतरतात. एवढे महाग कर्ज अंगावर ठेवून साडेसात टक्क्यांच्या गृहकर्जात जादा पैसे टाकणे आतबट्ट्याचे आहे. सोने तारण ठेवून कार्ड बंद करणे हिशेबाने बरोबर ठरते, पण कार्ड खरोखर बंद करणार असाल तरच. सोन्याचा भाव चढल्यामुळे त्याच दागिन्यावर आणखी रक्कम देऊ करणारे फोन येतात. एप्रिल 2026 पासून अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला मूल्याच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा आहे, त्यामुळे हा मोह आणखी वाढतो.

आता तीन हजारांकडे येऊ. काटकसरीने ते निघतील का? याबाबत मी साशंक आहे आणि माझ्या बाजूने दीडशे वर्षांपूर्वीचा एक सरकारी अहवाल आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. चौकशीसाठी नेमलेल्या समितीसमोर एक रूढ समज होता: कुणबी लग्नकार्यात उधळतो, म्हणून कर्जात बुडतो. समितीने हिशेब तपासून उलटे लिहिले. लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, आणि निव्वळ त्या खर्चातून कर्जाचा गाभा तयार झाल्याचे फारसे दिसत नाही. व्याजाचा दर, खतपत्रातल्या अटी आणि चांगल्या-वाईट हंगामाचा विचार न करता रोखीत वसूल होणारा सारा, हा खरा फास होता. गरीब माणूस उधळा असतो म्हणून गरीब राहतो, हा समज तेव्हाही लाडका होता आणि आजही आहे.

म्हणून चहा सोडा, वडापाव सोडा, असल्या याद्या मी इथे देणार नाही. नालासोपाऱ्याहून अंधेरीला रोज उभ्याने जाणारा माणूस आधीच पुष्कळ काही सोडून बसलेला असतो. खर्च कापायचाच तर मोठा आणि बांधील कापावा: दुसऱ्या बाइकचा हप्ता, ऐपतीबाहेरची शाळा, अॅपवरून कर्ज काढून केलेली हळद. या शेवटच्या बाबतीत काळ बदलला आहे, हे मान्य करायला हवे. 1875 मध्ये लग्न क्वचितचे होते. आज हळदीचा डीजे, बारसे आणि वाढदिवसही हप्त्यावर साजरे होतात.

काही खर्च तर एकट्या घराने कमी होतच नाहीत. टँकर घ्या. सूर्या प्रादेशिक योजनेच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे आहे, तरी ज्या सोसायटीला पुरेसे पाणी मिळत नाही तिथे टँकरचे पैसे देखभाल खर्चात बसतातच. स्वयंपाकघरात महिना दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा सोसायटीच्या सभेला जाऊन टँकरची बिले मागितली तर जास्त हाती लागेल. विजेचेही तसेच. महावितरणच्या बिलात 100 युनिट ओलांडले की दराची मोठी उडी असते, 300 ओलांडले की आणखी एक. ती रेषा सांभाळणे दिवे विझवत फिरण्यापेक्षा मोलाचे.

तेव्हा मिळकत वाढवणे आले, आणि हे वसईला कुणी शिकवण्याची गरज नाही. वसईचा हरित पट्टा जोडकमाईवरच जगला. पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी फुले, भाजी, वेलची केळी म्हणजे रोज हातात पडणारा थोडा थोडा पैसा. आगाशीची सुकेळी त्याहून बोलकी आहेत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, केळीच्या सुकल्या पानात बांधायची. जे फळ चार दिवसांत काळे पडून टाकावे लागले असते ते महिनोन्महिने टिकते आणि भाव घेते. भांडवल ऊन आणि हात.

पण रोजचा पैसा रोज खर्चही होतो, आणि आजारपण किंवा पावसाळा आला की सावकार. या दुखण्यावर वसईने शोधलेला उपाय मला आजही सगळ्यात शहाणा वाटतो. मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. शेतकऱ्याला सावकाराच्या हातून सोडवणे हा तिचा हेतू होता. पापडीला मुख्यालय असलेली ही बँक शंभरी ओलांडून उभी आहे. त्या काळच्या सहकाराची घडण लक्षात घ्या. 1904 च्या कायद्याने खेड्यातल्या पतसंस्थांवर अमर्याद जबाबदारी घातली होती आणि कर्ज द्यायचे ते फक्त सभासदाला. एकाने बुडवले तर बाकीच्यांच्या घरादारावर येणार. साहजिकच कर्ज कशासाठी हवे आणि ते कशातून फिटणार, हे शेजारी आधी विचारणार. केळीचे पैसे आले की त्यातले कर्जाचे किती, हे पैसे येण्याआधीच ठरलेले असावे, हा त्या रचनेचा सारा रोख होता.

आज इथे गटकर्जाचे पेव आहे, त्यातही जामीन शेजारणीच असतात. पण विचारणारी शेजारीण आणि वसुलीला येणारा एजंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नियमाने सर्व कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत. निम्मे! तीन लाखांच्या आत वर्ष काढणाऱ्या घरासाठी ही मर्यादाच भयंकर सैल आहे.

जोडकमाईचा प्रत्येक रुपया त्या केळीच्या पैशासारखा आधीच कर्जाला बांधावा. डिसेंबरात नाताळच्या केकच्या, नेवऱ्यांच्या, कलकलांच्या ऑर्डरी घरोघरी चालू असतात. डबे, शिकवण्या, शिवणकाम, सुट्टीच्या दिवशी डिलिव्हरी, जे जमेल ते. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला 100 रुपयांत होते, ती करा. त्या कमाईसाठी वेगळे खाते उघडा आणि त्या खात्यातून थेट कर्जाकडे पैसे जातील अशी व्यवस्था लावा. पगाराच्या खात्यात मिसळलेला जोडपैसा ओळखू येत नाही, आणि लाडक्या बहिणीचे 1,500 ही त्याला अपवाद नाहीत. गॅस, पीठ, पेट्रोल वजा करून उरते ती कमाई. पेट्रोल शंभरीपार असताना डिलिव्हरीच्या रोजच्या आकड्यावर जाऊ नका.

मात्र जिथे कमाईच्या आधी पैसे भरायला सांगतात, तिथून मागे फिरा. व्हिडिओला लाइक करा, टास्क पूर्ण करा, मग आणखी दहा हजार भरा, हा सापळा आहे. अडकलात तर तत्काळ 1930 ला फोन करा. दादरच्या टोरेस ज्वेलरीमध्ये आठवड्याला परतावा मिळणार म्हणून पैसे गुंतवलेली माणसे जानेवारी 2025 मध्ये बंद दारासमोर उभी होती. कर्ज फेडण्याची घाई झालेला माणूस अशा ठिकाणी सगळ्यात लवकर फसतो, आणि त्याला दोष देऊन काही साधत नाही.

वालीव-सातिवलीच्या गाळेवाल्यांसाठी एक चांगली बातमी कोपऱ्यात छापून गेली. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या तरत्या दराच्या धंद्याच्या कर्जावर, व्यक्तीला आणि सूक्ष्म-लघु उद्योगाला बहुतेक मोठ्या बँका मुदतपूर्व परतफेडीचा आकार लावू शकत नाहीत. नूतनीकरण तोंडावर असेल तर तारीख बघून सही करा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जोडकमाई म्हटले की बहुतेक घरांत ती बाईच्या वाट्याला येते. पहाटे डबे, दिवसा नोकरी किंवा घर, रात्री मणी ओवणे नाही तर शिवणकाम. कर्ज नवऱ्याच्या नावावर, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, आणि फेडायला तिचे केक. लिज्जत पापडाच्या सात बायकांनी 1959 मध्ये गिरगावात 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केले तेव्हा एक गोष्ट पक्की होती: जी लाटेल ती मालकीण. घरात हा न्याय का नसावा? महाराष्ट्रात राहते घर किंवा त्यातला हिस्सा पत्नीला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. हप्ता तोच ठेवा असा अर्ज घेऊन बँकेत जाणारच आहात, तर त्याच फेरीत या संमतीचाही अर्ज द्यावा.