एकट्याने क्रूझला जायचंय? भाडं बघण्याआधी ‘२ गेस्ट’चा ‘१’ करा

रात्री रील्स बघत पडलो होतो आणि मुंबई-गोवा क्रूझची जाहिरात समोर आली. भाडं वीस हजारांच्या आत! मी गेवराई तालुक्यातला. आमच्या बीड जिल्ह्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. समुद्रात रात्र काढायची, तीही स्वतःच्या पगारातून, एवढ्या विचारानेच बुकिंग सुरू केलं. मित्रांच्या सुट्ट्या जुळेनात, म्हणून एकटाच.

पैसे भरायच्या पानावर आकडा दुपटीच्या वर गेला. वर दहा मिनिटांचा टायमर उलटा पळत होता. घाईत ओटीपी टाकला. तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत, हे नंतर वाचलं.

गावी गेल्यावर वडील म्हणाले, “सोयाबीनचा भाव वेगळा आणि पट्टीवरचा आकडा वेगळा. इतकी वर्षं बघतोयस, तरी भावावरच भुललास?” आडतीवर हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय पडतं ते पट्टीवर कळतं. क्रूझचंही तसंच आहे. फक्त इथे आकडा कमी होत नाही, वाढतो.

एकट्याला जास्त का पडतं?

एसटीत एक माणूस म्हणजे एक सीट. क्रूझवर विकली जाते ती केबिन, आणि बहुतेक केबिन दोघांसाठी असतात. जाहिरातीतलं भाडं ‘प्रति व्यक्ती, दोघे एका केबिनमध्ये’ असं धरलेलं असतं. तुम्ही एकटे गेलात की दुसऱ्या माणसाचे पैसे बुडू नयेत म्हणून कंपनी जादा रक्कम लावते. तिला ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणतात. १०० टक्के सप्लिमेंट म्हणजे सरळ दोघांचं भाडं. माझ्या केबिनमध्ये दुसऱ्या बेडवर माझी सॅक झोपली होती, आणि तिचंही भाडं मीच भरलं होतं!

पण बंदराचं शुल्क (पोर्ट चार्जेस) आणि जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची ठरावीक टिप साधारणपणे माणशी असते. तुम्ही एकटे असाल तर ती एकदाच लागायला हवी. बिलात दोनदा दिसली तर जाब विचारा.

हिशेब करून बघू

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, कर बाजूला ठेवून:

- जहाज ‘अ’: जाहिरातीत २०,००० रुपये. सप्लिमेंट १०० टक्के. म्हणजे ४०,००० अधिक पोर्ट चार्जेस ४,००० = ४४,०००.
- जहाज ‘ब’: जाहिरातीत २५,००० रुपये. सप्लिमेंट ५० टक्के. म्हणजे ३७,५०० अधिक ४,००० = ४१,५००.

जाहिरातीत ‘ब’ पाच हजारांनी महाग दिसतं. एकट्या माणसाला तेच अडीच हजारांनी स्वस्त पडतं. म्हणून ‘कमी भाडं आधी’ असं सॉर्ट करून एकट्याला काही कळत नाही. ती यादी दोघांसाठीची असते.

मग शोधायचं कसं?

१. सर्च करताना आधी गेस्टच्या जागी ‘१’ टाका. बऱ्याच साइटवर ते आपोआप ‘२’ असतं.

२. केबिन निवडून थेट पैसे भरायच्या पानापर्यंत जा, पण भरू नका. तिथल्या एकूण रकमेचा स्क्रीनशॉट घ्या.

३. गुगल शीटमध्ये पाच रकाने करा: बघितल्याची तारीख, प्रवासाची तारीख, केबिनचा प्रकार, एकूण रक्कम, रात्री. एकूण रकमेला रात्रींनी भागा. तुलना फक्त या आकड्याची करायची.

४. तारखा हलवून बघा. दिवाळी, नाताळ, थर्टी फर्स्ट आणि शनिवार-रविवार टाळा. जहाज ज्या तारखेला रिकामं राहण्याची शक्यता जास्त, त्याच तारखेला कंपनी सप्लिमेंट कमी करते.

५. खिडकी नसलेली ‘इनसाइड’ केबिन बघा. समुद्र डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. ‘गॅरंटी’ केबिनमध्ये तुम्ही फक्त प्रकार निवडता आणि नंबर कंपनी नंतर देते. ती बऱ्याचदा स्वस्त मिळते.

६. त्याच सफरीचा भाव कंपनीच्या साइटवर आणि एजंटकडे, दोन्हीकडे काढा. एजंटला पहिला प्रश्न: “एका माणसाचं, सगळं धरून किती?” उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

इन्कॉग्निटो विंडोच्या भरवशावर मात्र राहू नका. त्याने तुमच्या कुकीज बाजूला राहतात, एवढंच. भाव मुख्यतः हलतो तो किती केबिन उरल्यात आणि निघायला किती दिवस आहेत यावर.

टायमर बघून घाबरू नका

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध नियमावली काढली. त्यात अशा १३ युक्त्या दिल्या आहेत. तिकीट काढताना यातल्या तीन ओळखता आल्या पाहिजेत. ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणजे आधी कमी आकडा दाखवून शेवटी वाढवत नेणं. ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणजे न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणं. ‘फॉल्स अर्जन्सी’ म्हणजे खोटी घाई लावणं.

टायमर दिसला की पान बंद करा, चहा घ्या, पुन्हा उघडा. टायमर नव्याने दहा मिनिटांवरून सुरू झाला आणि भाव तोच असला, तर घाई कुणाला होती ते समजेल. पैसे भरण्याआधी सगळ्या टिक तपासा आणि रद्द करण्याची अट वाचा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. स्क्रीनशॉट तिथेच उपयोगी पडतो.

एकट्यांसाठी खरी सोय कुठे?

मुंबईहून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ जहाज सप्टेंबर २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागलं. पावसाळ्यात ते चेन्नईकडून चाललेलं आहे. असं जहाज बंदर बदलताना एका बाजूची सफर असली तर भाव नक्की बघा, पण परतीचं रेल्वे तिकीट हिशेबात धरा.

परदेशात काही जहाजांवर एकट्यांसाठी वेगळ्या केबिन असतात. ‘नॉर्वेजियन एपिक’वर २०१० मध्ये अशा १२८ ‘स्टुडिओ’ केबिन आल्या. त्यांची किंमतच एका माणसाची असते. मात्र त्या मोजक्या असल्याने लवकर संपतात, म्हणून तिथे शेवटच्या क्षणाची वाट बघू नका. शिवाय बिल डॉलरमध्ये असेल तर कार्डाचा फॉरेक्स मार्कअपही धरा.

तिसरा मार्ग म्हणजे केबिन वाटून घेणं. मुलींसाठी मराठी टूर कंपन्यांच्या महिला स्पेशल सहली आहेत. त्यात रूम पार्टनर मिळेल का आणि नाही मिळाली तर सप्लिमेंट कोण भरणार, हे आधीच विचारा.

बीडहून बंदरापर्यंत

जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. चेक-इन निघण्याच्या बरंच आधी बंद होतं. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडहून अहिल्यानगरपर्यंत रेल्वे सुरू झाली, पण मुंबईसाठी पुढे गाडी बदलावी लागते. रात्रीची बस पकडली आणि सकाळी घाटात अडकली, तर अख्खं तिकीट बुडेल. आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि मुक्कामाचा खर्च शीटमध्ये लिहा. तोही क्रूझचाच खर्च आहे.

हे सगळं मांडून बजेट बसत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट मार्च २०२० पासून आहे. तिथे एका माणसाचं एकच तिकीट लागतं, सप्लिमेंट नाही. पुढच्या वेळी वडिलांना घेऊन आधी तिथेच जाणार आहे. क्रूझची शीट तोपर्यंत भरत राहील.