डहाणू-तलासरी परिसराचे हरित नियोजन

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये निघालेल्या या अधिसूचनेने एका संपूर्ण तालुक्यातील जमिनीच्या वापराची चौकट घालून दिली. उत्तरेकडील तलासरी तालुका या क्षेत्राला लागूनच आहे. हरित नियोजन म्हटले की शहरांतील उद्याने, पदपथ आणि वृक्षराजी डोळ्यांसमोर येतात; येथे मात्र वाड्या, जंगल, खाडी आणि पाडे यांचा बनलेला ग्रामीण प्रदेशच नियोजनाचा विषय झाला.

भूरचना आणि वस्ती

डहाणू तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. पारनाक्यापासून नरपड, चिखले, घोलवडमार्गे बोर्डीपर्यंत जाणाऱ्या किनारी रस्त्यालगत सुरूची बने आणि चिकूच्या वाड्या आहेत. या वाड्यांच्या वाढीत पारशी आणि इराणी बागायतदारांचा मोठा वाटा होता. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाडीकाठी खारफुटी आहे. किनाऱ्यावरील गावांत मासेमारीबरोबरच दागिन्यांचे साचे घडवण्याचा, म्हणजे डायमेकिंगचा, घरगुती व्यवसाय चालतो. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर भातशेती आणि त्यापलीकडे जंगलाचे डोंगर लागतात.

पूर्वेकडील वस्ती प्रामुख्याने वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी या समाजांची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख, तर तलासरीची सुमारे दीड लाख होती. डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक आणि तलासरीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. येथील गाव एका जागी दाटलेले नसते. एका महसुली गावात अनेक पाडे असतात, आणि पाड्यातील घरेही बहुधा आपापल्या शेताच्या कडेला विखुरलेली असतात. येथे रस्ता आखताना हे ध्यानात ठेवावे लागते.

१९९१ ची अधिसूचना

मुंबई उपनगरांना वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक प्रकल्पाला १९८९ मध्ये डहाणू खाडीजवळ मंजुरी मिळाली. स्थानिक नागरिकांनी ती न्यायालयात आव्हानित केली. परंतु १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी कायम ठेवली. त्यानंतर तीनच महिन्यांनी अधिसूचना निघाली. प्रकल्प आला, पण त्याच्यामागून येऊ शकणाऱ्या कारखान्यांची रांग थांबली, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल.

अधिसूचनेने उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी केली. हिरव्या गटातील उद्योगांना अटींवर मुभा, नारिंगी गटाला केंद्रीय मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीची गरज आणि लाल गटाला मनाई, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप होते. संपूर्ण तालुक्यात उद्योगांखालील क्षेत्र ५०० एकरांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. राज्य शासनाने एका वर्षात प्रादेशिक आराखडा करावा, त्यात विद्यमान हरित क्षेत्रे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रे दाखवावीत आणि त्यांच्या वापरात बदल होऊ देऊ नये, असेही तिने बजावले. तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याची तरतूद मूळ अधिसूचनेत होती. १९९२ आणि १९९९ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या.

या पट्ट्याची कल्पना नगररचनेच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगराची कल्पना मांडली. तिच्यात शहर मध्यभागी आणि त्याभोवती शेतीचा हरित पट्टा होता. शहराची अनिर्बंध वाढ रोखणे हे त्या पट्ट्याचे काम होते. डहाणूत हे चित्र उलटे झाले. मध्यभागी हिरवा मुलूख आणि भोवतीचा पट्टा कारखान्यांना अडवण्यासाठी. तलासरी याच पट्ट्यात येते. तिच्या उत्तरेला गुजरात, पूर्वेला दादरा व नगर हवेलीचा औद्योगिक प्रदेश आणि मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशी तिची कोंडी आहे. पट्टा कागदावर वर्तुळाकार असला, तरी राज्यांच्या सीमा त्याला छेदतात.

प्राधिकरण

आराखडा आणि अंमलबजावणी रेंगाळल्याने 'सँक्चुअरी' नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. सावधगिरीचे तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व, या दोहोंच्या आधारे त्याने काम करायचे होते. अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांची नेमणूक झाली. ३ जानेवारी २०१९ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली. एवढ्या छोट्या प्रदेशासाठी इतका दीर्घकाळ जागता पहारा देणारी यंत्रणा देशात क्वचितच आढळते. औष्णिक प्रकल्पात गंधकयुक्त वायू धुऊन काढणारी यंत्रणा २००७ मध्ये बसली, ती प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळेच.

पाडे आणि पायवाटा

अधिसूचनेचा सारा भर काय येऊ नये यावर आहे. या भूमीवर राहणाऱ्याने शाळेत, बाजारात, दवाखान्यात कसे पोहोचावे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. हा तिचा दोष म्हणण्यापेक्षा अपुरेपणा म्हणावा. माथेरानशी तुलना केली तर तो ध्यानात येतो. २००३ मध्ये पर्यावरण संवेदनक्षम क्षेत्र ठरलेल्या माथेरानात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तेथील रस्ते पायी चालणाऱ्याच्या मापानेच राहिले. डहाणू-तलासरीत चालणारी माणसे अगणित, पण त्यांच्यासाठी आखलेली वाट विरळा.

पाड्यांना जोडणाऱ्या वाटा बहुधा शेताच्या बांधांवरून आणि ओढ्यांतून जातात. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडची शाळा अलीकडच्या मुलांना दूर होते. अशा ठिकाणी रुंद डांबरी रस्त्यापेक्षा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पादचारी पूल, अधिक उपयोगी पडतो, आणि त्यासाठी झाडेही फारशी तोडावी लागत नाहीत. वनहक्क कायदा, २००६ मध्ये याला आधार आहे. ग्रामसभेची शिफारस असल्यास शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटता कामा नयेत. दोन्ही तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसा कायद्यानुसार ग्रामसभेच्या मताला विशेष वजन आहे. वाट कोठून जावी हे तिच्यावरून रोज चालणाऱ्यांनी ठरवण्याची कायदेशीर सोय, म्हणजे, उपलब्ध आहे.

अंतराचा हा प्रश्न शिक्षणक्षेत्राने नियोजनकारांच्या बराच आधी ओळखला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. तीत वर्ग चराईच्या कुरणावरच भरत असे. भूदृश्य माणसांसाठी कसे वापरावे, याचा इतका साधा नमुना नगररचनेच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही.

महामार्गाने परिस्थिती आणखी कठीण केली. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे भरणाऱ्या महालक्ष्मीच्या यात्रेस येणारी पायी माणसे आणि भरधाव वाहने एकाच पट्ट्यावर येतात. एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि स्थानकाभोवतालच्या मल्याण, मसोली भागांवर घरबांधणीचा ताण वाढला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराला बसू लागलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनी नियोजनात नवा घटक आणला. लोकांना रात्री घराबाहेर झोपावे लागले, तेव्हा घरासमोरचे मोकळे खळे आणि कुडाच्या हलक्या भिंती यांचे मोल कळले.

वाढवण बंदर

डहाणू तालुक्यातील वाढवण येथे बंदर उभारण्याचा पहिला प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल गटातून काढून बिगर-औद्योगिक ठरवले. वर्गवारीच्या तक्त्यातील या एका बदलाने अधिसूचनेच्या मूळ रचनेलाच धक्का बसला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने, आता नव्या अध्यक्षांच्या काळात, बंदराला अटींसह ना-हरकत दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. मच्छीमार आणि डायमेकर यांचा त्याला विरोध आहे. समर्थक रोजगाराकडे बोट दाखवतात.

बंदर मुख्यतः समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून उभे राहणार आहे, त्यामुळे जमिनीच्या वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या आराखड्याला ते थेट भिडत नाही. जमिनीवर येणारा भाग म्हणजे महामार्गाला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आणि लोहमार्ग. किनाऱ्याकडून पूर्वेकडे जाताना हा रस्ता वाड्या, शेते आणि पाड्यांच्या पायवाटा आडव्या कापत जाईल. त्याखालून किंवा त्यावरून चालत पलीकडे जाण्याची सोय कोठे आणि किती अंतरावर ठेवायची, हे आराखडा प्रत्यक्ष जागेवर उतरवताना ठरायचे आहे.