आमच्या घरचे अन्ननिरीक्षक

लग्नाच्या पंगतीत आमचे 'हे' काय करतात, हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वाढपी भात घेऊन आला की हे पानावर हात आडवा धरतात आणि विचारतात, "केव्हा उतरवलाय?" वाढपी बिचारा वधूपक्षाकडे बघतो, वधूपक्ष माझ्याकडे बघतो आणि मी समोरच्या भिंतीवरच्या गणपतीकडे बघते. पुढं पुढं हा प्रश्नही उरला नाही, कारण हे पंगतीला बसेनासेच झाले. घरून डबा न्यायचा आणि कार्यालयाबाहेर गाडीत बसून जेवायचं!

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सूक्ष्मजीवांचा धडा किती वेळा शिकवला असेल, त्याला गणती नाही. त्यामुळं जो तो मलाच म्हणे, "तुम्ही एवढ्या विज्ञानाच्या बाई, त्यांना जरा समजावून सांगा ना!" मी समजावलं. फार समजावलं. आणि माझं चुकलं ते तिथंच.

पण आधी एक कबूल करायला हवं. यांची भीती हवेतून आलेली नव्हती. १९८७ च्या मे महिन्यातली गोष्ट. खेड्यातलं लग्न, आमची मुलगी चार वर्षांची. दुपारी जेवणं झाली आणि तीन-चार तासांत तिला उलट्या सुरू झाल्या. पाठोपाठ आणखी वीस-पंचवीस वऱ्हाड्यांना. तालुक्याच्या गावी दोन रात्री सलाईन लावून काढल्या. बासुंदी पहाटे आटवून मोठ्या पातेल्यांत मांडवातच ठेवलेली होती. कुणाच्या तरी हातावरच्या जखमेतले जंतू तिच्यात गेले असावेत, असा डॉक्टरांचा अंदाज. मुलगी बरी झाली. तिला आज त्यातलं काहीही आठवत नाही. यांना सगळं आठवतं.

त्या बासुंदीत काय झालं असेल, हे समजून घेण्यासारखं आहे. जंतूंना वाढायला चार गोष्टी लागतात: खाद्य, ओलावा, ऊब आणि वेळ. सगळं मनासारखं मिळालं तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तासात आठ, दोन तासांत चौसष्ट, चार तासांत चार हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर! मे महिन्यातला मांडव, गोड दूध आणि पहाटेपासून दुपारपर्यंतचा वेळ, आणखी काय हवं? शिवाय यातले काही जंतू अन्नात विष तयार करून ठेवतात. नंतर उकळी आणली तर जंतू मरतात, पण ते विष तसंच राहतं. आपल्याकडं "परत एकदा गरम केलं की झालं" असं म्हणतात, ते म्हणूनच पुरतं खरं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं घरोघरच्या स्वयंपाकासाठी पाच सूत्रं सांगितली आहेत. स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, अन्न योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. त्यातलं चौथं आपण सर्वांत कमी पाळतो. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एक तर ते साठ अंशांच्या वर गरम असावं, नाही तर पाच अंशांच्या खाली गार. मधला पट्टा जंतूंचा.

आता गंमत बघा. इतकी धास्ती बाळगणारा आमचा माणूस भीत कशाला होता? टोमॅटोला! टोमॅटो तीनदा धुवायचे, पुसायचे आणि पुन्हा धुवायचे. पिण्याचं पाणी वीस मिनिटं घड्याळ लावून उकळायचं. खरं तर पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि ती मिनिटभर टिकली, की पोटाचे विकार पसरवणारे जंतू मरतात. उंच डोंगरावर जास्त वेळ लागतो, पण महाराष्ट्रात अगदी कळसूबाईच्या माथ्यावरही मिनिटभर पुरतं. उरलेली एकोणीस मिनिटं गॅस जळायचा. आणि ओटा पुसायचं ओलं फडकं मात्र आठ-आठ दिवस तेच! एकदा मी ते त्यांच्या नजरेला आणून दिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून चोवीस फडकी आली आणि ती रोज रात्री उकळायला लागली. मग गप्प बसले असते तर बरं, असं मला वाटलं.

शिळ्याचंही तसंच. शिळी भाकरी यांना वर्ज्य. आता भाकरी कोरडी असते, ओलावा कमी, त्यामुळं रात्रीची भाकरी सकाळी दह्याशी खाणाऱ्या आपल्या पूर्वजांनी काही वेडेपणा केला नाही. ताक, लोणचं, इडलीचं आंबलेलं पीठ, यांच्या आंबटपणातच बहुतेक उपद्रवी जंतूंना वाढायला जागा नसते. भात मात्र निराळा. तांदळावर एका जातीच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की त्यातून जंतू वाढतात आणि उकळीला दाद न देणारं विष तयार करतात. अशा भाताला ना वास येतो, ना चव बिघडते. सकाळी त्यालाच आपण फोडणी देतो. आपण सगळ्यांनीच असा फोडणीचा भात शेकडो वेळा खाल्ला आहे आणि बहुतेक वेळा काहीही झालेलं नाही, हेही तितकंच खरं.

हे सगळं मी यांना एका संध्याकाळी मोठ्या उत्साहानं सांगितलं. माझा हेतू असा, की खरा धोका कुठं आहे ते कळलं की बाकीचं आपोआप सुटेल. परिणाम असा, की टोमॅटो धुणं सुटलं नाहीच, वर चार महिने घरात भात शिजला नाही!

तुम्हां-आम्हांला 'होऊ शकतं' आणि 'होईल' यांतला फरक सहज कळतो. रस्ता ओलांडताना अपघात होऊ शकतो म्हणून आपण दोन्हीकडं बघतो आणि पलीकडं जातो. यांचं मन दोन्हीकडं बघे, पुन्हा बघे आणि कडेलाच उभं राही.

मग २०२० उजाडलं. अख्खं जग यांच्यासारखं वागायला लागलं. शेजारीपाजारी दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायला लागले, भाज्या दोन दिवस गॅलरीत पडून राहायला लागल्या. हे मला रोज म्हणायचे, "बघ, मी काय सांगत होतो?" भाज्या साबणानं धुवू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा, असं त्या वेळी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही सांगितलं होतं. पण ऐकतं कोण? पुढं साथ ओसरली. शेजाऱ्यांच्या पिशव्या पुन्हा बिनधुतल्या फ्रिजमध्ये गेल्या. आमच्या घरी मात्र साथ संपलीच नाही. यांच्या हातांना चिरा पडल्या, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. आमच्याकडं अकरा वर्षं काम करणाऱ्या मावशींनी घासलेली भांडी हे त्यांच्यादेखत पुन्हा विसळायला लागले. मावशी काही बोलल्या नाहीत. एका पहिल्या तारखेला पगार घेतला आणि म्हणाल्या, "ताई, उद्यापासून दुसरी बघा." माझी आजी सोवळं पाळायची. त्या सोवळ्यात स्वच्छता किती होती आणि माणसं लांब ठेवणं किती होतं, हा प्रश्न मला लहानपणीही पडायचा. मावशी जिना उतरून गेल्या, तेव्हा तो पुन्हा पडला.

तरीही मी काही केलं नाही. स्वभावाला औषध नाही, असं म्हणत राहिले. केलं ते २०२२ मध्ये. सुटीत नात महिनाभर आमच्याकडं होती. सात वर्षांची पोर. परत गेल्यावर मुलीचा फोन आला, "आई, ही शाळेतला डबा तसाच परत आणते. मैत्रिणीनं हात लावला, आता तो घाण झाला म्हणते. आणि मला दहा-दहा वेळा विचारते, हे नक्की स्वच्छ आहे ना?"

तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. माझ्या घरात तो दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारला जात होता.

आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडं गेलो. हे गेले ते नातीसाठी, स्वतःसाठी गेले नसते. डॉक्टरांनी इंग्रजी नावाआधी आपला जुना मराठी शब्द सांगितला. मंत्रचळ. एकच विचार मनात पुन्हा पुन्हा येत राहणं आणि त्यानं वाटणारी भीती घालवण्यासाठी एकच कृती पुन्हा पुन्हा करणं. स्वच्छतेची आवड म्हणजे मंत्रचळ नव्हे, हे त्यांनी पहिल्यांदा स्पष्ट केलं. असे विचार आणि कृती यांत दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यांमुळं कामं, नाती, खाणंपिणं अडत असेल, तर मात्र तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

नंतर ते माझ्याकडं वळले. "यांनी 'स्वच्छ आहे ना?' विचारल्यावर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "सांगते की स्वच्छ आहे. पटलं नाही तर का स्वच्छ आहे, तेही सांगते. वाद नको म्हणून सुरीसुद्धा दोनदा धुते." ते म्हणाले, "म्हणजे त्यांचं अर्धं काम तुम्ही करता."

मला रागच आला. पण घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. मी "हो, स्वच्छ आहे" म्हटलं की यांना क्षणभर हायसं वाटे. तेवढ्यापुरतीच भीती उतरे. मन त्यातून एवढंच शिके, की बायकोला विचारलं की बरं वाटतं. पुढच्या घासाला पुन्हा विचार! तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईचं सगळं स्पष्टीकरण या कामी येत होतं.

कुर्ट गोडेल या मोठ्या गणितज्ञाची गोष्ट मला त्या दिवसांत फार आठवली. त्याला अस्वच्छतेची नव्हे, विषप्रयोगाची भीती होती, आणि तो आजार निराळा. पण तो पत्नीच्या, आडेलेच्या, हातचंच खायचा. १९७७ मध्ये ती बराच काळ इस्पितळात होती. त्यानं खाणं जवळजवळ सोडलं. १९७८ च्या जानेवारीत प्रिन्स्टनमध्ये तो उपासमारीनं गेला, तेव्हा त्याचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. आडेलेनं प्रेमानंच त्याला इतकी वर्षं जेवू घातलं होतं. तिची मला कीव आली, आणि थोडी स्वतःचीही.

आमच्या उपचाराची पद्धत ऐकायला सोपी वाटते. लंडनमधल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दोन रुग्णांवरचा तिचा अनुभव प्रसिद्ध केला होता. ज्याची भीती वाटते, त्याच्या पायरीपायरीनं जवळ जायचं, आणि नेहमीची धुण्याची, विचारण्याची कृती करायची नाही. भीती चढते, काही वेळ तिथंच राहते आणि न धुताही हळूहळू उतरते. ती उतरताना अनुभवायची. जोडीला डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या. आमची पहिली पायरी केळं होती. न धुता सोलायचं आणि खायचं. हे चाळीस मिनिटं केळं हातात धरून बसले होते. मी समोर बसून मटार सोलत होते आणि तोंड उघडायचं नाही, ही माझी पायरी होती. खरं सांगते, यांच्यापेक्षा मला ती जड गेली.

प्रश्नाला उत्तर एकदाच द्यायचं, असं ठरलं. दुसऱ्यांदा विचारलं की मी म्हणायची, "अहो, याचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय." पहिल्या महिन्यात यावरून आमची जेवढी भांडणं झाली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत झाली नव्हती. घरच्यांनी हे एकदम, परस्पर सुरू करू नये. माणसाला विश्वासात घेऊन आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानंच करावं. गावात मनोविकारतज्ज्ञ नसेल तर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

त्या केळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, रात्री दिवा मालवल्यावर, हे म्हणाले, "ती बासुंदी मीच भरवली होती तिला. नको म्हणत होती. मीच लाडीगोडी लावून अख्खी वाटी संपवायला लावली." मी तेव्हा नवरीच्या खोलीत होते, मला हे ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं हा माणूस मनात ती वाटी घेऊन फिरत होता, आणि मी त्याला जंतूंचा धडा शिकवत होते.

नात आता डबा संपवून आणते. मुलांचं लवकर सुटतं. यांचं पूर्ण सुटलेलं नाही. हात दोनदा धुतातच, प्रवासात बाटलीतलंच पाणी पितात. मावशींना मी परत बोलवायला गेले होते. त्यांनी दुसरी कामं धरली होती. चहा दिला, यांची चौकशी केली, पण आल्या नाहीत.

गेल्या दिवाळीत मुलीकडं गेलो, तेव्हा हे पहिल्यांदाच डबा न घेता आले. मुलीनं वरण-भात वाढला. यांनी भाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी भिंतीकडं पाहिलं, तिथं गणपती नव्हता, घड्याळ होतं. "आत्ताच उतरवलाय का गं?" यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "हो बाबा." दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कालवायला जरा वेळ घेतला, पण जेवले.

जेवण आटोपल्यावर उरलेला भात पसरट डब्यात काढून मी लगेच फ्रिजमध्ये ठेवला. मुलगी हसून म्हणाली, "आई, आता तुझं सुरू झालं का?"

"दोन तासांचं ते बरोबर आहे," हे आतल्या खोलीतून म्हणाले.